‘पालचे जंगल’ : तळटीप

३. पाल हे जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातले सातपुड्यातील गाव. लेखक ‘जंगल’ म्हणतात ते यावल अभयारण्य : स्थापना 1969, क्षेत्र सुमारे 176 चौ. कि.मी. दक्षिण आफ्रिकेतले क्रूगर उद्यान 19,000 चौ. कि.मी.हून मोठे, त्यात अशी शंभर याव‌ले सहज मावतील. तेव्हा एका दिवसात जीपमधून हत्ती, सिंह, जिराफ पाहून आल्यावर ‘पालला काय आहे?’ असे विचारणे फारसे न्याय्य नाही. उघड्या गवताळ रानात जनावर लांबून दिसते. साग-सालईच्या दाट रानात ते हाकेच्या अंतरावर असूनही दिसत नाही. इथला वाटाड्या दाखवतो ते अस्वलाने उकरलेले वारूळ, नाल्याच्या वाळूतले पंजे. हेही पाहणेच आहे.

शिवाय क्रूगरला नसलेला रानपिंगळा खानदेशाकडे आहे. हे छोटे घुबड नामशेष झाले असेच धरून चालले होते. 1914 चा एक दाखला तर चोरलेल्या जुन्या नमुन्याचा निघाला. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ दिसले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, 1998 पासून नंदुरबारमध्ये आहे. पुढे यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली. रानपिंगळा दिवसाही शिकार करतो. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. पालला जाणाऱ्यांनी दुर्बीण न्यावी आणि आधी डोके पाहावे. (संपा.)