विद्यार्थ्यांनी घातलेला पाया

गृहसजावट शिकणारा मुलगा व्यावसायिक संस्थेच्या विद्यार्थी-शाखेत नाव घालू लागला, की ‘वर्गणी भरून लाभ काय?’ असे वडील विचारतात. मुंबईचा इतिहास त्याचे उत्तर देतो. १९१७ साली सर ज. जी. कलाशाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वास्तुविद्या-विद्यार्थी संघ स्थापिला. ‘गेटवे ऑफ इंडिया’चे शिल्पकार जॉर्ज विटेट त्याचे पहिले अध्यक्ष. १९२९ साली त्याच संघाची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली. १९३७ साली तिने टाऊन हॉलमध्ये ‘आदर्श गृह’ प्रदर्शन भरवून घराच्या अंतर्भागाचा विचार सामान्यांपुढे मांडला. १९७२ मध्ये गृहांतर्गत रचनाकारांचीही स्वतंत्र संस्था उभी राहिली. सभासदपत्र भिंतीवर टांगून मात्र भागत नाही. सभेस जावे, ज्येष्ठांचे काम पाहावे, आपलाही हात लावावा.