कोणती नियतकालिकं घ्यायची? १९२७ चा एक हिशेब

आजचा प्रश्न वरवर पाहता अगदी कारकुनी आहे. रसायनशास्त्राच्या ग्रंथसंग्रहात कोणती नियतकालिकं घ्यायची? पैसा मोजका, कपाटं मोजकी. मग निवड करायची कशी?

१९२७ साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजमधून ग्रॉस आणि ग्रॉस या दोन लेखकांनी ‘सायन्स’मध्ये याच प्रश्नावर छोटा लेख लिहिला. कॉलेज लहान, पण तिथला विद्यार्थी पुढच्या अभ्यासात कमी पडू नये, ही त्यांची काळजी. सोपा मार्ग होताच: बसायचं आणि यादी करायची. पण अशा यादीत करणाऱ्याच्या आवडीनिवडी उतरतात, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६ चा खंड घेतला आणि त्यातले लेख कोणकोणत्या नियतकालिकांचा संदर्भ देतात, ते चक्क मोजलं. ३,६३३ संदर्भ निघाले, २४७ नियतकालिकांचे. संदर्भ कोणत्या काळातल्या अंकांचे, तेही पाच-पाच वर्षांचे गट करून मांडलं. म्हणजे मागचे खंड कुठवर विकत घ्यायचे, याचा अंदाज येतो.

जर्मन नियतकालिकांचा वाटा इतका मोठा निघाला की रसायनाच्या विद्यार्थ्याला जर्मन वाचता आलंच पाहिजे, हेही उघड झालं. बघा, खरेदीच्या हिशेबातून अभ्यासक्रमाचा धडा निघाला!

पुढे काय झालं? यूजीन गारफील्ड, हेही मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर. त्यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला. त्यात कोणती नियतकालिकं घ्यायची, हे ठरवायला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’चा उपयोग होता. म्हणजे पुन्हा निवडीचाच प्रश्न. पण मग हीच पट्टी माणसांना लागली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत शोधनिबंध जास्त इम्पॅक्ट फॅक्टरच्या नियतकालिकात आला, तर अध्यापकाला जास्त गुण मिळू लागले.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. मोजणी तीच राहिली, प्रश्न मात्र बदलला. ‘आमच्या विद्यार्थ्याला काय लागेल?’ याचं उत्तर शोधायला काढलेला आकडा ‘या माणसाची योग्यता किती?’ याचं उत्तर देऊ लागला. नियतकालिकाची सरासरी त्यातल्या एकेका लेखाविषयी काही सांगत नाही. काही लेखांना भरपूर संदर्भ मिळतात, बाकीच्यांना थोडे किंवा एकही नाही.

आणखी एक गोष्ट. संदर्भ देतो तो लिहिणारा. नुसता वाचणारा विद्यार्थी या मोजणीत येतच नाही. एका ग्रंथालय समितीवर मी असताना वर्गणी बंद करायच्या नियतकालिकांची यादी आमच्यापुढे आली. शेजारी आकडे होते. त्यात रसायनाच्या अध्यापनाविषयीचं एक नियतकालिक होतं. ग्रंथपाल हळूच म्हणाले, “सर, याची पानं झिजलीत हो.” आम्ही आकडा पाहिला आणि सही केली. मीही केली. ती सही आजही मला बोचते.

ग्रॉस आणि ग्रॉस यांची पद्धत चुकीची होती, असं मी म्हणत नाही. स्वतःच्या आवडीवर विसंबायचं नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा मोठाच. पण कशासाठी मोजतोय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आकडा हाती आला की आपण नेमकं तेच विसरतो.