गाव नाते, सासुरवाडी राजमहेंद्री

महाडहून रायगडाकडे निघाले की वाटेत नाते लागते. गड पाहायला निघालेल्या माणसाचे डोळे पुढच्या डोंगराकडे लागलेले असतात, त्यामुळे या गावाकडे त्याचे फारसे लक्ष जात नाही. पण याच गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. ज्या गावाचे नावच नाते, तिथल्या या मुलाने नाती कुठे कुठे जोडली, ही हकिकत मात्र तितकी सांगितली जात नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर ती सांगण्यासारखी आहे.

घराणे चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे; वडील वकील. मुलगा इतका हुशार, की १९१२ साली मॅट्रिकला पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच पटकावली. मग केंब्रिजला जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र वगैरे विषयांचा अभ्यास झाला आणि १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेतही तो पहिला आला.

मुलगा विलायतेला निघाला, की त्या काळच्या वडीलधाऱ्यांना दोन धास्ती असत. एक, धर्म बुडवील. आणि दुसरी, मडम घेऊन येईल! चिंतामणरावांच्या बाबतीत दुसरी खरी ठरली. रोझिना या इंग्रज युवतीशी त्यांनी लग्न केले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नोकरीत संसार थाटला. त्यांना एक मुलगी झाली. असल्या लग्नाला त्या काळी दोन्हीकडून नाके मुरडली जात. हिंदी माणसाचा हात धरणारी बाई साहेबांच्या क्लबात परकी, आणि आपल्या माजघरातही परकीच. मडम घरात आली की माणूस आपल्या मातीला मुकला, असा सर्वसाधारण समज होता. चिंतामणरावांनी तो खोटा पाडला. कालिदासाचे 'मेघदूत' त्यांनी मराठीत आणले, आणि संस्कृतात कविता करण्याचा छंदही सोडला नाही. रोझिनाबाई पुढे निवर्तल्या आणि घर सुने झाले.

आता थोडे आंध्रात जाऊ. दुर्गाबाईंचा जन्म १९०९ सालचा, राजमहेंद्रीचा. आठव्या वर्षी घरच्यांनी त्यांचे लग्न लावून दिले. जाणती झाल्यावर ते लग्न त्यांनी मानले नाही, आणि विशेष हे, की वडील व भाऊ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९२३ साली काकीनाड्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा ही चौदा वर्षांची मुलगी प्रदर्शनाच्या दारात स्वयंसेविका होती. तिकिटावाचून आत सोडायचे नाही, असा हुकूम. जवाहरलाल नेहरू आले, तिकीट नव्हते. तिने त्यांना अडवले. व्यवस्थापकांची धांदल उडाली, तिकीट आणले गेले, तेव्हा कुठे पंडितजी आत गेले. पुढे तिने तुरुंगवास सोसला, कायद्याची पदवी घेतली, मद्रासला आंध्र महिला सभा उभी केली आणि घटना समितीत स्थान मिळवले.

१९५२ मध्ये दुर्गाबाई नियोजन मंडळावर आल्या. अर्थमंत्री देशमुख तिथे आधीपासून होतेच. त्या डिसेंबरात पहिली पंचवार्षिक योजना संसदेपुढे आली. तिच्यात नसलेली एक योजना त्याच सुमारास या दोन सभासदांच्या मनात आकार घेत असावी! २२ जानेवारी १९५३ रोजी दोघांचे लग्न झाले. वर सत्तावन्न वर्षांचा, वधू त्रेचाळीस वर्षांची. साक्षीदारांत पंतप्रधान नेहरू होते. ज्या मुलीने त्यांना एकदा दारात थोपवले, तिच्याच लग्नाची साक्ष त्यांनी दिली.

हा मुहूर्त पाहण्यासारखा आहे. वेगळ्या आंध्र राज्यासाठी उपोषण करणारे पोट्टी श्रीरामुलू १५ डिसेंबर १९५२ रोजी वारले होते. लग्नाला जेमतेम पाच आठवडे राहिले असताना भाषेभाषेतल्या सीमा रक्ताने आखल्या जात होत्या. आणि इकडे कुलाब्याचा मराठी खासदार तेलुगू घरचा जावई होत होता.

मग मराठीपण सुटले काय? उत्तर १९५६ साली मिळाले. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असे ठरले, आंदोलनावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपद सोडले. राजीनामा ज्यांच्याकडे दिला, ते पंतप्रधान म्हणजे त्यांच्या लग्नाचे साक्षीदारच! घरात तेलुगू बायको असल्याने मराठीचा अभिमान उणा झाला नाही, आणि मराठीच्या अभिमानाने घरातले तेलुगू परके झाले नाही. आपल्या भाषेवर प्रेम करायला दुसरीचा द्वेष लागतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण जरूर आठवावे.

दुर्गाबाईंच्या मनाचा मोठेपणाही तसाच. बालपणीचे ते पती निवर्तल्यावर त्यांच्या दुसऱ्या पत्नीला, म्हणजे लोकांच्या भाषेत सवतीला, त्यांनी आधार दिला, शिक्षणाची सोय केली आणि आपल्या घरात जागा दिली. चिंतामणरावांचे घर एवढे ऐसपैस होते.

१९७५ साली पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. दुर्गाबाई १९८१ च्या मे महिन्यात गेल्या. चिंतामणरावांनी २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत, म्हणजे सासुरवाडीच्याच मुलखात, डोळे मिटले.

आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायचे तर उखाण्याचा आडोसा लागतो. दुर्गाबाईंनी तो घेतला नाही. आपल्या इंग्रजी आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिले 'चिंतामण अँड आय'. नात्याच्या या सुनेने नाव घेतले ते असे, भर पुस्तकाच्या कपाळावर.