मागे फिरणारा काळ : ‘पीकी ब्लाइंडर्स’चे माध्यमांतर

मराठीतील रूपांतराचा विचार मुख्यतः नाटकाच्या आधाराने वाढला. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) किंवा देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) यांविषयी जे लिहिले गेले त्यात पात्रांची नावे, रीतिरिवाज, भूमी आणि भाषेचा पोत यांची चर्चा विपुल आढळते. काळाची चर्चा फारशी आढळत नाही, आणि तशी ती आढळण्याचे कारणही नव्हते. कथा कोणत्याही देशी नेली तरी तिच्यातील घटनांचा क्रम तिच्याबरोबर अखंड जात असे. संशयाने पेटलेल्या नायकाचा हात पत्नीच्या गळ्याकडे जातो, तेव्हा लंडनच्या प्रेक्षकाला तो अडवता येत नाही आणि पुण्याच्या प्रेक्षकालाही येत नाही. कलाकृती व्हिडिओ गेमच्या माध्यमात जाते तेव्हा बदलाचा आरंभ नेमका येथून होतो. लिंडा हचन यांनी रूपांतराविषयीच्या आपल्या २००६ मधील ग्रंथात कथन, दर्शन आणि सहभाग अशा ग्रहणाच्या तीन रीती मानल्या आहेत. तिसऱ्या रीतीत ग्रहण करणाऱ्याच्या हाती काही सत्ता येते. ही सत्ता पात्रांच्या हालचालीपुरती नसून थेट काळावर असेल, तर मूळ कृतीचे काय उरते, हा प्रश्न एका विशिष्ट उदाहरणाच्या साहाय्याने तपासण्याजोगा आहे.

हे उदाहरण ‘पीकी ब्लाइंडर्स : मास्टरमाइंड’ या खेळाचे होय. ब्रायटन येथील फ्युचरलॅब या संस्थेने तो घडवला आणि कर्व्ह डिजिटलने ऑगस्ट २०२० मध्ये प्रकाशित केला. त्याचा आधार असलेली बीबीसीची गुन्हेगारी मालिका १२ सप्टेंबर २०१३ रोजी सुरू झाली होती आणि एप्रिल २०२२ मध्ये ३६ भागांनंतर संपली. म्हणजे मूळ कृती अजून पूर्ण व्हायची असतानाच तिचे रूपांतर बाजारात आले. खेळातील प्रसंग मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या थोडे आधी घडतात असे मानलेले आहे. शेल्बी कुटुंबाचा धंदा बुडवण्याचा कट शिजतो आहे याचा सुगावा टॉमी शेल्बीला लागतो आणि दहा मोहिमांतून तो उलगडत जातो. कथानक एवढेच, आणि ते बेताचेच आहे. खेळाचा जीव कथानकात नाही.

काळाची फिरवाफिरव मात्र खेळापासून सुरू होत नाही. ती मालिकेतच झालेली आहे आणि तिच्यासाठी बर्मिंगहॅमच्या इतिहासाकडे जावे लागते. ‘पीकी ब्लाइंडर’ हे नाव १८९० च्या वर्तमानपत्रांत दिसू लागते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात जॉर्ज ईस्टवुड नावाचा एक तरुण ॲडर्ली स्ट्रीटवरील ‘रेनबो’ या पानगृहात गेला. मद्य न मागता त्याने जिंजर बिअर मागवली. टोळक्याने त्याची टर उडवली आणि तो बाहेर पडल्यावर त्याला गाठून इतके मारले की त्याची कवटी फुटली. शस्त्रक्रिया करून त्याला वाचवावे लागले. बर्मिंगहॅमचे इतिहासकार कार्ल चिन यांनी अशा नोंदी शोधून दाखवल्या आहेत. त्यांतून दिसणाऱ्या टोळ्या गल्लीबोळांतल्या आहेत. गरिबांनीच गरिबांवर केलेली दांडगाई हे त्यांचे स्वरूप. टोपीच्या कडेत वस्तऱ्याची पाती शिवल्याची दंतकथा चिन यांना मान्य नाही, कारण तशी पाती त्या काळी या पोरांच्या ऐपतीपलीकडची होती. मुख्य म्हणजे पहिले महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच या टोळ्यांचा जोर ओसरला होता.

मालिकेचे कर्ते स्टीव्हन नाइट यांनी याच टोळ्यांना १९१९ मध्ये आणून ठेवले. युद्धावरून परतलेल्या माणसांच्या हाती ते नाव दिले आणि गल्लीतल्या दांडगाईचे रूपांतर एका कुटुंबाच्या महत्त्वाकांक्षेत केले. बिली किंबर हा घोडशर्यतींवर हुकमत गाजवणारा गुंड इतिहासात खरोखर होता. तो १९४५ साली टॉर्की येथे वारला. मालिकेत मात्र टॉमी पहिल्या पर्वाच्या अखेरीस त्याला गोळी घालतो. ऐतिहासिक कादंबरीचा अभ्यास करणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. तरी हे नोंदवायला हवे की पुढे खेळणाऱ्याच्या हाती आलेली काळ वाकवण्याची मुभा लेखकाने स्वतः आधीच घेतलेली होती, आणि त्या पहिल्या स्थानांतरातच ईस्टवुडसारखा मार खाणारा माणूस कथेच्या मध्यावरून कडेला गेला.

तीस वर्षांच्या या स्थानांतरामुळे नाइट यांना जे मिळाले ते मोलाचे होते. त्यांना युद्ध मिळाले. टॉमी हा सोमच्या आघाडीवर शत्रूच्या खंदकांखाली बोगदे खणणारा सैनिक. त्या आघाडीवरील भुयारी युद्धाचा इतिहास हा घड्याळाचा इतिहास आहे. १ जुलै १९१६ रोजी हल्ल्याची वेळ सकाळी ७.३० ठरलेली होती. ला ब्वासेल येथील लॉखनागर सुरुंग ७.२८ वाजता उडवण्यात आला. हॉथॉर्न रिज येथील सुरुंग मात्र ७.२० वाजता, म्हणजे पूर्ण दहा मिनिटे आधी उडवण्यात आला. जर्मन सैन्याला आगाऊ सूचना मिळाली आणि मधल्या वेळात त्याने जागा घेतल्या. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे सुमारे ५७,००० जण घायाळ, बेपत्ता वा मृत झाले. त्यांतील मृत १९,००० च्या वर होते. अधिकाऱ्यांनी मनगटी घड्याळे एकमेकांशी जुळवून घेण्याची पद्धत याच युद्धात रुळली. अनेक माणसांच्या हालचाली एका क्षणावर आणून मिळवणे ही टॉमीची विद्या त्या खंदकांतली आहे. त्याच खंदकांतून त्याने दुसरी गोष्टही आणली आहे. रात्री भिंतीपलीकडून त्याला फावड्यांचे आवाज ऐकू येतात आणि ते विसरण्यासाठी तो अफू ओढतो. योजना आणि स्मृती अशा दोन्ही अंगांनी मालिकेत युद्ध हजर असते. योजनेत काळ त्याच्या मुठीत असतो, स्मृतीत तो काळाच्या मुठीत असतो.

योजनेची मालिकेतील मांडणी विशेष पाहण्याजोगी आहे. टॉमीचा बेत प्रेक्षकाला आधी सांगितला जात नाही. पहिल्याच भागात डॅनी या भ्रमिष्ट झालेल्या जुन्या सैनिकाला टॉमी आपल्या हातांनी गोळी घालताना दिसतो. प्रेक्षक मृत्यू पाहतो आणि तो स्वीकारतो. नंतर कळते की गोळीत मेंढीचा मेंदू भरलेला होता, डॅनी जिवंत आहे आणि हा सारा देखावा वैऱ्याची समजूत काढण्यासाठी होता. चोरी वा कटाच्या कथांचा हा जुना संकेत आहे. जो बेत आधी सविस्तर सांगितला जातो तो बहुधा फसतो आणि जो सांगितला जात नाही तो तडीस जातो. पर्वाच्या अखेरीस हाच संकेत उलट बाजूने येतो. किंबरविरुद्धचा बेत कुटुंबाला समजावून सांगितला जातो, तो फुटतो, किंबर आपली माणसे घेऊन स्मॉल हीथमध्ये येऊन उभा राहतो आणि त्या चकमकीत डॅनी मरतो. या वेळी मेंढीचा मेंदू नसतो. एकाच माणसाचे दोन मृत्यू, एक परतवता येणारा आणि एक न येणारा, यांच्या दरम्यान पहिले पर्व ताणून बांधलेले आहे.

खेळाने यातील योजना तेवढी घेतली. खेळणारा वरून, काहीशा तिरप्या कोनातून, गोदाम वा गल्ली पाहतो. टॉमी, आर्थर, जॉन, पॉली, एडा आणि धाकटा फिन यांच्यापैकी जे त्या मोहिमेत असतील त्यांना तो आळीपाळीने चालवतो. आर्थर दार फोडतो, जॉन अडथळे पेटवतो, फिन अरुंद जागेतून शिरतो, पॉली कुलूप उघडते आणि शिपायाला लाच देते, एडा शिपायांना बोलण्यात गुंतवते, टॉमी दुसऱ्याला आपल्या इच्छेप्रमाणे वागायला लावतो. पडद्यावर प्रत्येकाची कालरेषा दिसते. एकाला काही क्षण चालवायचे, मग काळ आरंभाकडे मागे न्यायचा आणि दुसऱ्याला हाती घ्यायचे. पहिल्याने जे केले ते आता आपोआप घडत असते आणि दुसऱ्याची कृती त्याच क्षणांवर बसवायची असते. फिन आतून कळ दाबून ठेवील तेवढ्यातच आर्थर दारातून गेला पाहिजे, अशा जातीची ही कोडी. चूक झाली तर फक्त त्या व्यक्तीचा काळ मागे घेऊन ती दुरुस्त करता येते. मोहीम जितक्या कमी वेळात पुरी होईल तितका मानाचा शेरा मिळतो.

उलट फिरणाऱ्या काळाची वंशावळ चलच्चित्राइतकीच जुनी आहे. ल्युमिएर बंधूंचा भिंत पाडण्याचा १८९६ चा लघुपट उलटा चालवून दाखवला जाई, आणि धुळीतून भिंत पुन्हा उभी राहताना पाहून प्रेक्षक थक्क होत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जो पहिला खेळ झाला त्याच्या यादीतही भिंत पाडण्याचे चित्र होते. पण तेथे उलट फिरवणारा हात यंत्रचालकाचा होता. तो प्रेक्षकाच्या स्वाधीन व्हायला शतक जावे लागले. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ (२००३) या खेळात काही क्षण मागे घेण्याची शक्ती राजपुत्राला मिळाली आणि तिला कथनाचा आधारही मिळाला. सारा खेळ हा राजपुत्राने सांगितलेला वृत्तांत असतो. खेळणाऱ्याच्या चुकीने तो मेला की निवेदक स्वतःलाच अडवून, असे झाले नव्हते, अशी दुरुस्ती करतो. अरबी कथांतील चौकटीचे निवेदन जाणणाऱ्यास ही युक्ती ओळखीची वाटेल. जोनाथन ब्लो यांच्या ‘ब्रेड’ (२००८) मध्ये पाऊल पुढे पडले. त्याच्या एका विभागात काळ मागे घेतला की नायकाने आधी केलेली कृती त्याची छाया पुन्हा करते आणि नायक तिच्या सोबतीने दुसरे काही करतो. ‘मास्टरमाइंड’ची रचना या छायेशी सर्वांत जवळची आहे, फक्त येथे छायेच्या जागी भाऊ, बहीण आणि आत्या आहेत. ‘ब्रेड’च्या अखेरीस मात्र एक दृश्य सुलट्या क्रमाने पुन्हा दिसते आणि ज्याला आपण तारणारा समजलो तो पाठलाग करणारा होता हे उघड होते. काळाची सत्ता तेथे खेळणाऱ्याच्याच अंगावर उलटते. ‘मास्टरमाइंड’ असा धोका पत्करत नाही.

रूपांतराच्या दृष्टीने येथे एक चतुर उलथापालथ घडली आहे हे मान्य करायला हवे. मालिकेतला प्रेक्षक टॉमीच्या डोक्याबाहेर ठेवलेला असतो, खेळणारा त्या डोक्यात बसवलेला आहे. काळ मागे घेणे ही येथे जादू नाही. टॉमी मनातल्या मनात बेत पुनःपुन्हा जुळवून पाहतो आहे, एवढाच तिचा अर्थ लावता येतो आणि खेळाचे नावही त्याच अर्थाकडे बोट दाखवते. कथानक सोडून एका पात्राची बुद्धी तेवढी खेळाचा नियम बनवणे हे निष्ठेच्या रूढ कल्पनेत बसत नाही, पण निष्फळही नाही. (‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर?’ या स्पर्धेच्या सहनिर्मात्यांपैकी एक नाइटच होते. २००० साली ती हिंदीत ‘कौन बनेगा करोडपती’ म्हणून आली आणि २०१३ मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ म्हणून मराठीत. कथा मुळीच नसताना नुसते नियम देशोदेशी कसे प्रवास करतात याचा यापेक्षा चांगला दाखला शोधावा लागणार नाही.)

अडचण एडापाशी येते. पर्वाच्या अखेरच्या चकमकीत दोन्ही बाजूंनी बंदुका रोखलेल्या असताना एडा बाबागाडी ढकलत मधोमध येऊन उभी राहते. कुणाच्याही योजनेत ती नाही. युद्धाहून परतलेल्या या माणसांना ती पुन्हा एकमेकांच्या जिवावर उठलेले पाहते आणि काही क्षण बंदुका थबकतात. सबंध पर्वात टॉमीच्या घड्याळाबाहेरचा काळ जर कुठे दिसत असेल तर तो त्या क्षणांत. खेळातील एडा शिपायाशी बोलत राहते. ती ठरल्या क्षणी येते, ठरल्या क्षणी जाते, आणि खेळणारा आर्थरची कालरेषा सुधारत असतो तेवढा वेळ तिचे तेच बोलणे पुनःपुन्हा घडत राहते. लाच, ओळख, धमकी ही मालिकेत नात्यांची रूपे होती. खेळात ती अवजारे झाली आहेत. टॉमीने दुसऱ्याची इच्छा वाकवणे ही मालिकेत शंकेची बाब होती, येथे ती कळ दाबण्याच्या जातीची एक कृती आहे.

हे सारे माध्यमाच्या मर्यादेवर ढकलता येत नाही, कारण त्याच माध्यमात ‘ब्रेड’ने वेगळे करून दाखवले होते. ‘मास्टरमाइंड’मध्ये स्मृतीला वाव देण्याची जागा होतीही. एखाद्या मोहिमेत एखादी कालरेषा मागे घेता येऊ नये, एवढा एक नियम पुरला असता. तसे झाले असते तर फावड्यांचा आवाज खेळणाऱ्यालाही ऐकू आला असता. २०२३ मध्ये आभासी वास्तवाच्या तंत्राने ‘पीकी ब्लाइंडर्स : द किंग्ज रॅन्सम’ हा दुसरा खेळ आला. त्यात खेळणारा टॉमीच्या डोक्यातून बाहेर पडून टोळीने कामाला जुंपलेला एक माणूस झाला. पण डॅनीच्या दुसऱ्या मृत्यूला या दोन्ही खेळांत जागा मिळालेली नाही. ॲडर्ली स्ट्रीटवरील जॉर्ज ईस्टवुडला तर ती मालिकेतही मिळालेली नव्हती.