पांढऱ्या कुळातला काळा ग्रह

लग्नाचा अल्बम आणि कोळशाहून काळा म्हणून गाजलेला एक ग्रह यांचं नातं लावायचं, तर लॅटिनमधल्या ‘अल्बस’ या शब्दापर्यंत मागे जावं लागतं. अल्बस म्हणजे पांढरा. प्राचीन रोममध्ये पांढऱ्या रंगवलेल्या फळ्यावर सरकारी जाहीरनामे लिहीत, तो फळा म्हणजे ‘अल्बम’. अंड्याच्या पांढऱ्यातलं अल्ब्युमिन याच घरातलं, आणि ‘अल्बेडो’ही. अल्बेडो म्हणजे शब्दशः पांढरेपणा.

प्रकाशाच्या शास्त्रात हा शब्द आणला योहान हाइनरिश लँबर्टने. मुलूझ गावच्या शिंप्याचा हा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि वडिलांच्या हाताखाली काम सुरू झालं. पुढचं सारं तो आपलं आपण शिकला. ‘पाय’ ही संख्या अपरिमेय असल्याचं सिद्ध करणारा लँबर्ट तो हाच. 1760 मध्ये त्याचा ‘फोटोमेट्रिया’ हा ग्रंथ निघाला. विषय प्रकाशाचं मोजमाप, आणि हाताशी साधनं काय, तर मेणबत्त्या, कागद, काचा. दोन पृष्ठभाग शेजारी-शेजारी धरायचे, मेणबत्ती मागेपुढे सरकवायची आणि दोन्ही सारखेच उजळ दिसू लागले की अंतरं मोजायची. उजेड ‘किती’ असं डोळ्याला विचारलं तर तो हमखास फसतो. ‘सारखा आहे का’ एवढंच विचारलं तर बऱ्यापैकी खरं सांगतो. लँबर्टची सगळी इमारत या एका प्रश्नावर उभी आहे. पडलेल्या प्रकाशातला किती हिस्सा पृष्ठभाग परत फेकतो, त्या हिश्शाला त्याने अल्बेडो म्हटलं. सगळा फेकला तर 1, सगळा गिळला तर 0.

या मापाने पहिला धक्का दिला तो आपल्या चंद्राने. कोजागरीला ज्याचं प्रतिबिंब आपण दुधात पाहतो, त्याचा अल्बेडो जेमतेम 0.12, म्हणजे वापरून विटलेल्या डांबरी रस्त्याइतका. शेजारी काळंभोर आकाश म्हणून तो पांढरा दिसतो, इतकंच.

पुढे 1861 मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या जॉर्ज बाँडने सर्व दिशांना गेलेल्या प्रकाशाचा एकत्र हिशेब मांडला. ‘बाँड अल्बेडो’ हे नाव त्याचंच. दुसरा प्रकार भौमितिक अल्बेडो: ग्रह पौर्णिमेच्या स्थितीत असताना, त्याच आकाराच्या पांढऱ्याशुभ्र चकतीच्या तुलनेत किती उजळ दिसतो ते पाहायचं. या मोजणीत शनीचा बर्फाळ उपग्रह एन्सेलाडस 1 च्याही पुढे जातो. पांढऱ्याहून पांढरं! साबणाच्या जाहिरातीत शोभावं असं हे विधान, पण खरं आहे.

आता काळ्या पोराकडे येऊ. ‘ट्रेस-2बी’ हा ग्रह 2006 मध्ये अवघ्या दहा सेंटीमीटरच्या दुर्बिणींनी सापडला. तो आहे कालेय तारकासमूहात, सुमारे 700 प्रकाशवर्षांवर. आकाराने गुरूच्या जातीचा, पण ताऱ्याला इतका खेटून की त्याचं वर्ष अडीच दिवसांतच संपतं. दुर्बिणीतून तो वेगळा दिसत नाही. दिसतो तो तारा आणि ग्रह यांचा मिळून एकच ठिपका. मग त्याचा काळेपणा कळला कसा? चंद्रासारख्या त्यालाही कला असतात. तो ताऱ्याच्या पलीकडे जायला लागला की उजळ बाजू आपल्याकडे वळते आणि ठिपक्याचा प्रकाश किंचित वाढतो. अलीकडे आला की अमावास्या. 2009 मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने ही वाढ टिपली. डेव्हिड किपिंग आणि डेव्हिड स्पीगल यांनी 2011 मध्ये ती मांडली: दहा लाखांत साडेसहा भाग. दहा लाख रुपयांच्या वहीत साडेसहा रुपयांचा फरक शोधण्यासारखं हे काम.

ती सगळी वाढ परावर्तनाची धरली, तरी अल्बेडो अडीच टक्क्यांच्या आसपासच निघतो. पण ग्रह तापलाय सुमारे 1,000 अंश सेल्सिअसला, तेव्हा त्याची स्वतःची धगही त्यात आलीच. ती वजा केली की परावर्तन एक टक्क्याच्याही खाली उतरतं. काळा अ‍ॅक्रिलिक रंगसुद्धा याच्यापुढे उजळच.

गुरूला उजळपणा येतो तो अमोनियाच्या ढगांमुळे. इतक्या उष्णतेत ते ढग टिकत नाहीत. उरतात सोडियम-पोटॅशियमच्या वाफा आणि कदाचित टायटॅनियम ऑक्साइडचा वायू. हे सगळे प्रकाश गिळणारे, पण इतका काळेपणा यांतल्या कशानेच पुरता उलगडत नाही. 2017 मध्ये हबल दुर्बिणीने सारथी तारकासमूहातला ‘वास्प-12बी’ तपासला, त्याचाही अल्बेडो 0.064 च्या वर जाईना. ताऱ्याकडची त्याची बाजू अडीच हजार अंशांवर, तिथे ढग तर सोडाच, रेणूसुद्धा फुटतात.

ट्रेस-2बी जवळून पाहता आला, तर मात्र तो निव्वळ काळा दिसणार नाही. हजार अंशांना तापलेली कुठलीही वस्तू लालसर होते, आणि मोजणीत जी धग वजा करावी लागली, तीच तिथे डोळ्यांना दिसेल: राख धरलेल्या निखाऱ्यासारखी, मंद लाल.