कासऱ्यापासून फॉर्म्युला-चाकापर्यंत

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत माझ्या धाकट्या बहिणीनें माझ्यापुढें एक लहानसा खटला निकालासाठीं मांडला. वादी तिचा मुलगा. तो येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षाला आहे. प्रतिवादी ती स्वतः. वादाचा विषय एक चाक. आणि तेंहि मोटारीचें नव्हे, मोटारीचा भास उत्पन्न करणाऱ्या यंत्राचें. संगणकाच्या पडद्यावर मोटारींची शर्यत खेळण्याचा जो प्रकार हल्लीं ‘सिम रेसिंग’ या नांवानें रूढ झाला आहे, त्यांत हा मुलगा चार वर्षें रमलेला आहे. त्याच्यापाशीं फॉर्म्युला-पद्धतीचें एक स्टिअरिंग आहे. त्याच स्टिअरिंगची सुधारून वाढविलेली आवृत्ति आतां बाजारांत आली असून तिची किंमत चाळीस हजारांच्या घरांत जाते. माझे मेहुणे तीन वर्षांपूर्वीं वारले. त्यांच्या मागें जी बेताची ठेव उरली, तिच्यांतूनच हे पैसे यावयाचे. “दादा, तूं इतिहास शिकवतोस, यंत्रें नव्हे, हें मला ठाऊक आहे, पण तो तुझें ऐकतो. घ्यावें कीं न घ्यावें, एवढें सांग,” असें ती म्हणाली.

मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचें परीक्षण करतांना आपण काय पाहतों? नवीन काय घातलें, चुकलेलें काय दुरुस्त केलें, आणि मूळ ग्रंथ ज्या हेतूनें लिहिला गेला तो हेतु या भरीनें अधिक साधला कीं नाहीं, हें पाहतों. तोच न्याय चाकाला लावावयाचा तर चाक मुळांत कशासाठीं निर्माण झालें, येथून आरंभ करणें प्राप्त होतें.

आरंभ कासऱ्यापासून करावा लागेल. कोल्हापूर जिल्ह्यांत बैलगाड्यांची शर्यत ज्यानें पाहिली आहे, त्याला हें सांगावयास नको कीं कासरा ही एकमार्गी वस्तु नाहीं. हातांतून बैलाकडे आज्ञा जाते हें खरें. पण बैलाकडून हाताकडे वार्ताहि येते. बैल दमला, बुजला, कीं जोराच्या ऐन भरांत आहे, हें जाणता गाडीवान डोळ्यांनीं पाहण्याआधीं बोटांनीं ओळखतो. कठोपनिषदांतील रथाच्या रूपकांत बुद्धीला सारथि आणि मनाला लगाम म्हटलें आहे, त्यांत मोठें मर्म आहे. आज्ञा नेणारें आणि वार्ता आणणारें जें एकच साधन, त्याला मनाहून योग्य उपमा कोणती मिळणार?

मोटार आली आणि घोडा गेला, त्याबरोबर लगामहि गेला. १८८६ सालच्या कार्ल बेंझच्या तीनचाकी गाडीला चाक नव्हतें. एका उभ्या दांड्यावरील मूठ फिरवून ती वळवीत. पुढें बहुतेक गाड्यांना नावेच्या सुकाणूसारखा आडवा दांडा आला. मंद गतीला तो पुरेसा होता. परंतु गाड्यांची शर्यत लागूं लागली आणि दांड्याचा दोष उघडा पडला. रस्त्यांतील एखाद्या दगडावर पुढचें चाक आपटलें कीं तो हिसका थेट हातांत येई आणि दांडा हातांतून निसटे. वार्ता येत होती, पण ती आरोळी मारून येत होती.

या दोषाची किंमत एका मोठ्या माणसाला द्यावी लागली. पानार-लव्हासोर या फ्रेंच कारखान्याचा एमिल लव्हासोर हा मोटारीच्या आद्य शिल्पकारांपैकीं एक. १८९५ सालीं पॅरिस ते बोर्दो व परत अशी सुमारें पावणेबाराशें किलोमीटरांची शर्यत त्यानें अठ्ठेचाळीस तासांहून थोड्या अधिक वेळांत, बहुतेक सर्व काळ स्वतः गाडी हांकून, सर्वांआधीं पुरी केली. पुढच्याच वर्षीं पॅरिस-मार्से शर्यतींत, रस्त्यांत आडव्या आलेल्या कुत्र्याला चुकवितांना त्याची गाडी उलटली. त्या दुखापतींतून तो सावरला नाहीं. एप्रिल १८९७ मध्यें त्याचा अंत झाला. गाडी दांड्याचीच होती.

वास्तविक चाकाचा प्रयोग त्यापूर्वींच झालेला होता. १८९४ सालच्या पॅरिस-रुआं स्पर्धेंत आल्फ्रेद वाशरों यानें आपल्या पानार गाडीला गोल चाक बसविलें होतें, आणि मोटारीवरील चाकाचा हा पहिला ज्ञात उपयोग मानला जातो. लव्हासोरच्या मागें त्याच्या जागीं आलेला आर्थर क्रेब्स यानें १८९८ सालच्या पॅरिस-ॲम्स्टरडॅम शर्यतीसाठीं गाडीला बसणाऱ्याच्या बाजूस कललेलें चाक बसविलें. त्यानंतर दांडा झपाट्यानें मागें पडला. अगदींच नाहींसा मात्र झाला नाहीं. आमच्या शहरांतल्या नटविलेल्या रिक्षा पाहा, त्या आजहि मुठीवरच वळतात.

चाकानें दोन गोष्टी साधल्या. मधल्या दंतचक्रांमुळें हाताचें बळ वाढलें, आणि रस्त्याचा हिसका सौम्य होऊन हातापर्यंत येऊं लागला. याच क्रेब्सनें १८९६ सालच्या एका पेटंटांत दुसराहि एक विचार मांडला होता. पुढचीं चाकें ज्या अक्षाभोवतीं वळतात तो किंचित् मागें कलता ठेवला, तर वळण संपतांच चाकें आपोआप सरळ होऊं पाहतात. हातांतल्या चाकाला जी ओढ जाणवते ती मुख्यतः या रचनेची आणि टायरच्या स्वभावाची. वळणावर ही ओढ प्रथम वाढत जाते. आणि टायरची पकड सुटण्याच्या किंचित् आधीं ती हलकी पडते. हांकणाऱ्याला मिळणारी एवढीच पूर्वसूचना. जो ती ओळखतो तो वळण निभावून नेतो. ज्याला ती कळत नाहीं त्याची गाडी रस्ता सोडते. आरोळी मारणारा दूत जाऊन कानांत कुजबुजणारा दूत आला, तो असा.

पुढचा इतिहास या कुजबुजीच्या क्षीण होत जाण्याचा आहे. दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची मायबाख मोटार दसरा चौकांत येते, ती आम्हां कोल्हापूरकरांच्या परिचयाची आहे. राजाराम महाराजांच्या काळची ती गाडी. त्या काळच्या अवजड गाड्या वळविणें हें मनगटाचें काम होतें. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्यानें तेलाच्या दाबानें चाक हलकें करण्याची युक्ति १९२६ सालीं करून दाखविली होती. विक्रीच्या मोटारींत ती १९५१ सालीं क्रायस्लर इंपीरियलमध्यें आली. हात सुखावले. परंतु जें साह्य हाताचे श्रम घेतें, तें बेतानें दिलें नाहीं तर श्रमांबरोबर वार्ताहि घेऊन जातें.

१९८९ हें साल या इतिहासांत विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कारण त्या एकाच सालीं चाकाला दोन फांटे फुटले. जॉन बर्नार्ड यानें आंखलेल्या फेरारी ६४० या गाडींत गिअर बदलण्याच्या पट्ट्या चाकाच्या मागें आल्या, आणि त्या गाडीनें ब्राझीलमधील आपली पहिलीच शर्यत जिंकली. गमतीची गोष्ट ही कीं त्या शर्यतींत नायजेल मॅन्सेलला मध्येंच थांबून सबंध स्टिअरिंग बदलावें लागलें होतें. येथून चाकाचें नियंत्रणफलकांत रूपांतर सुरू झालें. गोलाई गेली, कारण शर्यतीच्या गाडींत हात एकमेकांवरून नेण्याइतकें वळण घ्यावें लागत नाहीं. बटणें, फिरक्या, दिवे आणि पडदा आला. आजचें फॉर्म्युला-चाक म्हणजे हातांत धरलेलें एक छोटें कार्यालयच होय.

त्याच सालीं अटारी कंपनीच्या ‘हार्ड ड्रायव्हिन’ या खेळयंत्रानें उलट बाजूनें पाऊल टाकलें. चाक, पेडल व गिअर असलेलें त्याच कंपनीचें ‘ग्रॅन ट्रॅक १०’ १९७४ सालींच आलें होतें; पण त्याच्या चाकांतून खेळणाऱ्याच्या हातीं कांहींच येत नसे. ‘हार्ड ड्रायव्हिन’च्या चाकाला मोटर जोडलेली होती. गणितानें टायरवरील बलें काढून तीं हाताला परत देण्याचा तो प्रयत्न होता. रस्ता नाहीं, टायर नाहीं, तरी वार्ता आहे! खऱ्या गाडींत जी कुजबूज क्षीण होत होती, ती खोट्या गाडींत जाणूनबुजून निर्माण केली गेली.

याला पोरखेळ म्हणणाऱ्यांनीं विमानविद्येचा इतिहास पाहावा. अमेरिकेंतील एडविन लिंक या ऑर्गन बनविणाऱ्या कारखानदाराच्या मुलानें १९२९ च्या सुमारास भात्यांच्या हवेवर डोलणारें खोटें विमान तयार केलें. तें आरंभीं जत्रेंतील करमणूक म्हणूनच खपलें. १९३४ सालीं टपालाची वाहतूक सैन्याकडे आली आणि वाईट हवेंत कित्येक वैमानिक मेले, तेव्हां सैन्यानें तीं यंत्रें विकत घेतलीं. मोटारीच्या बाबतींतहि यान मार्डनबरो या तरुणानें २०११ सालीं पडद्यावरील स्पर्धा जिंकून खऱ्या गाडींत प्रवेश मिळविला आणि २०१३ सालीं ल मां येथें आपल्या गटांत तिसरा क्रमांक पटकावला. २०२० सालच्या साथींत खऱ्या शर्यती थांबल्या, तेव्हां फॉर्म्युला-वनच्या चालकांनींहि घरांत बसून याच मार्गानें शर्यती केल्या.

आणि आमच्या गांवाला तर हें वेड परकें नाहींच. येथील मोहिते रेसिंग अकादमीच्या मार्गावर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. येथलेच कृष्णराज महाडिक इंग्लंडांत ब्रिटिश फॉर्म्युला-३ मध्यें उतरले. माझे मेहुणे रविवारीं या मुलाला कार्टिंगला नेत असत. टायर, इंधन आणि इंजिनाची निगा यांचा खर्च त्यांच्या पगारांतून कसाबसा भागे. ते गेले आणि रविवार थांबला. जुनें स्टिअरिंग त्यांनींच त्याला घेऊन दिलेलें. हें मी मुद्दाम नमूद करतों. न्यायाधीशाचा कल कोणीकडे होता हें वाचकांना कळलेलें बरें.

परीक्षण असें केलें. मुलाच्या एका मित्रानें नवी आवृत्ति घेतली होती. ती चार दिवसांसाठीं मागून आणली. एकाच मार्गावर, एकाच गाडीनें, दोन्ही चाकांवर प्रत्येकीं वीस फेऱ्या त्यानें केल्या आणि मीं वहींत आंकडे मांडले. नव्या चाकाचे गुण प्रामाणिकपणें सांगतों. गिअरच्या पट्ट्या चुंबकावर बसविलेल्या असल्यामुळें त्यांचा टक्का स्पष्ट लागतो. शर्यतीच्या आरंभासाठीं क्लचच्या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. पडदा मोठा, दिवे अधिक, पकड हाताला सुखकर. आणि चाक ज्या सांध्यानें मोटरीच्या पेटीला जोडतात तो सांधा घट्ट आहे. जुन्याचा किंचित् खेळतो, आणि त्या खेळण्यांत बारीक थरथर हरवते.

परंतु या सर्व सुधारणांत रस्त्याच्या वार्तेशीं संबंध असलेली सुधारणा ही एकच, आणि तो सांधा सुटा विकत मिळतो. ओढ निर्माण करणारी मोटर पेटींत असते, चाकांत नव्हे. आणि पेटी जुनीच राहावयाची होती. आंकड्यांनींहि तेंच सांगितलें. दोन्ही चाकांवरील उत्तम फेरींत नांव घेण्याजोगें अंतर नव्हतें. अंतर पडत होतें तें त्याच्याच एका फेरींत आणि दुसरींत, आणि तें बहुतेक प्रत्येक वेळीं ब्रेक लावण्याच्या जागीं. त्याचें ब्रेकचें पेडल स्प्रिंगचें; पाय किती खालीं गेला एवढेंच तें मोजतें. खऱ्या गाडींत चालक पायाचा दाब ओळखतो, अंतर नव्हे. दाब मोजणारीं पेडलें नव्या चाकाच्या निम्म्याहून कमी किंमतींत येतात.

मीं निकाल दिला तो असा : चाक घेऊं नये, सांधा आणि पेडलें घ्यावीं. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, तुमचं बरोबर आहे. पण पडद्यावर नवीन चाकवाले दिसले कीं आपण मागं पडलो असं वाटतंय बघा.” या वाक्याला माझ्यापाशीं इतिहासांतून देण्याजोगें उत्तर नव्हतें. मी एवढेंच म्हणालों कीं लव्हासोरच्या काळींहि चाक उपलब्ध होतें आणि तरी दांडाच वापरला जात होता, तेव्हां नव्याला नेहमींच नाहीं म्हणावें असें माझें म्हणणें नाहीं. नवें आपल्या कोणत्या उणिवेवर औषध आहे, हें आधीं मोजून पाहावें. त्यानें वही मागून घेतली. ती अजून त्याच्यापाशींच आहे आणि तिच्यांतील आंकडे आतां तो स्वतः मांडतो.

वांचलेल्या पैशांतून किती रविवार पुन्हां कार्टिंगला जातां येईल, याचा हिशेब माझ्या बहिणीनें त्याच संध्याकाळीं केला. ते फार नाहींत, पण आहेत.

जुन्या चाकाचें कातडें अंगठ्याच्या जागीं झिजलें होतें. तें घेऊन आम्ही मामा-भाचे चप्पल लाइनींत गेलों. तेथल्या वृद्ध कारागिरानें चाक उलटसुलट करून पाहिलें, टांका कोठून घ्यावा याचा विचार केला आणि विचारलें, “कुठल्या गाडीचं म्हणायचं हे?” मी सांगणार होतों; पण भाच्यानेंच उत्तर दिलें, “गाडी अजून यायची आहे, काका.” कारागिरानें मान हालविली आणि सुईंत दोरा ओवला.