भिंतीवर न लावलेली पताका

ऑनसाइटहून परत येताना लोक काय आणतात? चॉकलेटं, परफ्यूम, फार तर लॅपटॉप. मी आणल्या अकरा जुन्या कापडी पताका! आईने बॅग उघडली आणि विचारलं, "या रे कुठल्या वारीच्या?"

वारीच्या नाहीत, कॉलेजांच्या. अमेरिकेत यांना पेनंट म्हणतात. लोकरीच्या फेल्टचा लांबट त्रिकोण, त्यावर कॉलेजचं नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या हॉस्टेलच्या भिंती यांनी भरलेल्या असायच्या. फुटबॉलच्या मॅचला काठीला लावून फडकवायच्या ते वेगळंच.

तर झालं असं की, पिट्सबर्गला असताना एका रविवारी जुन्या बाजारात एक पताका दिसली. 'कार्नेगी टेक'. बारा डॉलर. कार्नेगी मेलन ठाऊक होतं (जीआरई दिलेल्या प्रत्येकाला असतंच, अ‍ॅडमिशन मिळो न मिळो!), पण हे 'टेक' कुठलं?

घरी येऊन शोधत बसलो. अँड्र्यू कार्नेगीने १९०० साली पिट्सबर्गच्या कामगारांच्या मुलांसाठी टेक्निकल स्कूल काढायला पैसे दिले. १९१२ मध्ये त्याचं कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झालं, म्हणजेच कार्नेगी टेक. १९६७ मध्ये मेलन इन्स्टिट्यूट त्यात विलीन झाली आणि आजचं नाव आलं. म्हणजे या पताकेचं डिझाइन १९१२ ते १९६७ मधलं. नाव म्हणजे चक्क व्हर्जन नंबर! अक्षरं कापून शिवलेली असली तर पताका बहुधा जुनी, छापलेली असली तर नंतरची. माझी शिवलेली आहे.

ती कोणी फडकवली असेल? मला आपलं वाटतं, २७ नोव्हेंबर १९२६ ला. त्या दिवशी कार्नेगी टेकने बलाढ्य नोत्र दामला १९-० असं हरवलं. नोत्र दामचा कोच नूट रॉकनी मॅचला हजरच नव्हता. ही तर सोपी मॅच, म्हणून तो शिकागोला आर्मी-नेव्हीची मॅच बघायला गेला होता! ओव्हरकॉन्फिडन्समध्ये प्रोजेक्ट बुडतो तो असा.

मग नादच लागला. ईबेवरून एकेक येत गेल्या. त्यातली सगळ्यात देखणी स्टॅनफर्डची. गडद लाल रंग, आणि टोकाशी मोठ्या नाकाचा, पिसं लावलेला एक 'इंडियन'. आल्याआल्या सोफ्याच्या वर लावली. मग सवयीने इतिहास शोधला.

१९३० मध्ये स्टॅनफर्डने 'इंडियन' हे चिन्ह अधिकृतपणे घेतलं. पुढे युरोक जमातीचे टिम विल्यम्स 'प्रिन्स लाइटफूट' या नावाने मॅचच्या वेळी नाचायचे, आणि स्टेडियम खूश व्हायचं. १९७२ मध्ये ५५ नेटिव्ह अमेरिकन विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांनी अर्ज दिला की हे बंद करा, हा आमचा अपमान आहे. अध्यक्ष रिचर्ड लायमन यांनी ते चिन्ह काढून टाकलं. माजी विद्यार्थी चिडले. आमचं प्रेम आहे त्या चिन्हावर, यात अपमान कसला? शिवाय खुद्द त्यांच्यातलाच एक माणूस नाचतोय की!

हे वाचलं आणि मी तसाच बसून राहिलो. इंजिनिअरिंगला आमच्या वर्गात मणिपूरचा एक मुलगा होता. चारही वर्षं आम्ही त्याला एकाच टोपणनावाने हाक मारली. ते इथे लिहिणार नाही. तो हसायचा, म्हणून त्याला चालतंय असं आम्ही धरून चाललो. आमचंही प्रेमच होतं की त्याच्यावर! त्याला कधी कोणी विचारलं नाही. ५५ जणांनी मिळून अर्ज केला तेव्हा कुठे स्टॅनफर्डला ऐकू गेलं. आमच्या वर्गात तो एकटाच होता.

पताका त्याच रात्री उतरवली. आता पुण्यातल्या घरात भिंतीवर दहा आहेत, अकरावी कपाटात. विकावीशी वाटत नाही, दुसरा कोणी ती कौतुकाने लावेल. फेकवतही नाही. चूक सापडली म्हणून कोणी लॉग फाइल उडवत नाही. आज स्टॅनफर्डच्या टीमचं नाव नुसतं 'कार्डिनल' आहे, म्हणजे एक लाल रंग.

घरी येणारे विचारतात, दहाच का, अकरावी कुठेय? मग मी कपाट उघडतो आणि हे सगळं सांगतो.

मणिपूरच्या त्या मित्राला गेल्या आठवड्यात मेल टाकलं. पहिल्यांदाच, त्याच्या खऱ्या नावाने.